बायबल कोणावर रोखायचे?

दोन हजार वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती धर्मग्रंथाचा आजच्या अशांत जगाला काय उपयोग, असा विषय निघाला की आपल्याकडे दोनच उत्तरे ऐकू येतात. श्रद्धावान म्हणतो, सगळे त्यातच आहे, लोक वाचत नाहीत एवढेच. दुसरा म्हणतो, धर्मग्रंथांनीच भांडणे लावली, ते कपाटात बंद राहिलेले बरे. दक्षिण आफ्रिकेसमोर ही दोन्ही उत्तरे टिकत नाहीत. तिथे १९४८ ते १९९४ या काळात मारणाऱ्याच्या हातात बायबल होते आणि मार खाणाऱ्याच्याही. पुष्कळदा दोघांचे चर्चही एकाच कुळीचे होते. ग्रंथ शांतता आणतो की वैर, हे ताडून पाहायला याहून योग्य देश सापडणार नाही.

माझे म्हणणे असे, की तिथे हा ग्रंथ शांततेच्या कामी आला तो कुणी आपल्याच माणसांविरुद्ध, आपल्याच चर्चविरुद्ध, आपल्याच सोयीविरुद्ध वाचला तेव्हा. दुसऱ्यावर रोखला तेव्हा त्याने फक्त कुंपणे बांधून दिली. हे म्हणणे पटते का, ते पुढच्या मुद्द्यांवरून वाचकांनी ठरवावे.

१. वर्णभेदाची सुरुवात प्रभुभोजनाच्या मेजापाशी झाली

नॅशनल पार्टी १९४८ साली सत्तेवर आली आणि वर्णभेद सुरू झाला, असे आपण शाळेत शिकतो. कायद्यापुरते ते खरे आहे. मूळ मात्र त्याच्या शंभरएक वर्षे मागे आणि तेही चर्चच्या आत आहे. केप वसाहतीतल्या डच रिफॉर्म्ड चर्चपुढे १८२९ साली प्रश्न आला : काळ्यासावळ्या सभासदांना भाकर आणि द्राक्षारस गोऱ्यांबरोबरच द्यायचा की वेगळा? धर्मसभेने वेगळेपणा नाकारला. प्रभूच्या मेजावर भेद नाही, असा तो निर्णय होता. पण ज्यांना तो रुचला नाही ते गप्प बसले नाहीत, आणि १८५७ साली तोच प्रश्न पुन्हा धर्मसभेत आला. या वेळचा ठराव वाचण्यासारखा आहे. सर्वांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आणि इष्ट आहे, हे त्यात आधी मान्य केले आहे. मग पुस्ती जोडली आहे, की काही जणांच्या दुबळेपणामुळे काम अडत असेल, तर वेगळ्या इमारतीत उपासना घ्यायला हरकत नाही.

हे दुबळे म्हणजे कोण? शेजारच्या बाकावर काळा माणूस बसलेला ज्यांना सोसत नव्हता ते गोरे शेतकरी. जमीन त्यांची, बंदूक त्यांची, मळ्यावरचे मजूर त्यांचे, आणि ठरावात दुबळे तेच!

पुढचा उतार आपल्या ओळखीचा आहे. सवलतीची रूढी झाली. १८८१ साली मिश्रवर्णीय ख्रिस्ती लोकांसाठी वेगळे मिशन चर्च काढण्यात आले आणि पुढे आफ्रिकी लोकांसाठी आणखी वेगळे. रूढीचे तत्त्व झाले. १९४८ साली पंतप्रधान झालेले डी. एफ. मलान हे याच चर्चचे एके काळचे पाळक. आंतरवंशीय विवाहांवर बंदीचा कायदा १९४९ साली आला. त्याची मागणी चर्चने त्याआधीच केली होती. वंशानुसार वस्त्या पाडणारा कायदा १९५० चा. तत्त्वाला शास्त्राच्या आधाराची अधिकृत मोहोर मात्र सगळ्यांत शेवटी लागली. १९७४ साली चर्चच्या सर्वोच्च धर्मसभेने वंश, लोकसमूह आणि राष्ट्र या विषयावरचा अहवाल मंजूर केला. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या बाबेलच्या बुरुजाची गोष्ट त्यात पुढे केली होती. माणसे एक भाषा बोलत होती, त्यांनी आभाळाला भिडणारा बुरूज रचायला घेतला, देवाने त्यांच्या भाषा वेगळ्या केल्या आणि त्यांना पांगवले. म्हणजे वेगवेगळे राहणे ही देवाचीच योजना, असा निष्कर्ष. गर्वाला मिळालेल्या शिक्षेची गोष्ट या मंडळींनी नगररचनेच्या नियमावलीसारखी वाचली.

क्रम ध्यानात घ्या. आधी अडचण, मग सवलत, मग कायदा आणि सर्वांत शेवटी शास्त्रवचनाची अधिकृत मोहोर. धर्मग्रंथाने वर्णभेद जन्माला घातला, हे म्हणणे त्यामुळे अर्धेच खरे आहे. तो जन्माला आला सोयीतून. ग्रंथाने त्याला नाव दिले आणि बारसे केले.

२. “ग्रंथ शुद्ध, माणसे बिघडलेली” ही पळवाट आहे

वरचा मुद्दा वाचून श्रद्धावान वाचक सुटकेचा नि:श्वास टाकेल, म्हणून हा मुद्दा लगेच मांडतो. बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकातल्या मोहिमा आहेत. गावे जिंकून तिथल्या माणसांची कत्तल करण्याच्या आज्ञा आहेत. दासांनी धन्याचे ऐकावे, असे सांगणारी पत्रे नव्या करारात आहेत. केपमधून आत सरकलेल्या आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या लोकांनी स्वतःला मिसरातून निघालेले इस्राएल मानले, आणि १६ डिसेंबर १८३८ रोजी ब्लड रिव्हरच्या काठी झुलू सैन्याचा पराभव केला तेव्हा तो देवाशी केलेल्या नवसाचा प्रसाद ठरवला. हे त्यांनी हवेतून काढले नव्हते, पानांवर तसे सापडते. ते नाकारण्याने काही साधत नाही. जुन्या ग्रंथात अनेक शतकांच्या अनेक माणसांचे आवाज आहेत आणि ते आपापसांत भांडतात. त्यातला कुठला ऐकायचा, याची जबाबदारी वाचणाऱ्याची आहे. हे फक्त ख्रिस्ती लोकांना लागू आहे असेही नाही. ज्याच्या घरात जुना ग्रंथ आहे अशा प्रत्येकाला ते लागू आहे.

३. आपल्याच घराविरुद्ध वाचणारा माणूस

बेयर्स नॉडे यांचे नाव मराठीत फारसे कुणी घेत नाही. घ्यायला हवे. त्यांचे वडील जोझुआ नॉडे डच रिफॉर्म्ड चर्चचे पाळक होते आणि ब्रूडरबाँड या आफ्रिकानर गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. मुलगाही पाळक झाला, ब्रूडरबाँडचा सभासद झाला, जोहान्सबर्गमधल्या आस्फोएलकोपच्या प्रतिष्ठित मंडळीचा पाळक झाला, प्रांतिक धर्मसभेच्या अध्यक्षपदापर्यंत गेला. देशातल्या सत्तेच्या सगळ्या दारांच्या किल्ल्या त्यांच्या खिशात होत्या. १९५० च्या दशकात त्यांनी एक काम हाती घेतले : आपले चर्च वर्णभेदासाठी जी वचने काढते ती एकेक करून तपासायची. तपास संपला तेव्हा आधार म्हणून हातात काहीच उरले नव्हते. पण हे जाहीरपणे बोलायला त्यांना काही वर्षे लागली. घाबरत होते, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल इथे पोलिसांनी काळ्यांना सतत परवाना बाळगायला लावणाऱ्या पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या जमावावर गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार ६९ माणसे मेली. डिसेंबरमध्ये जागतिक चर्च परिषदेच्या पुढाकाराने कॉटेस्लो इथे देशातल्या चर्चप्रतिनिधींची बैठक झाली. आंतरवंशीय विवाहांवर बंदी घालायला शास्त्राचा आधार नाही, कोणत्याही श्रद्धावंताला वर्णामुळे चर्चबाहेर ठेवता येणार नाही, अशी भूमिका या बैठकीने घेतली. डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनीही त्यावर मान डोलावली होती. पंतप्रधान फेरवूर्ट खवळले, आणि प्रांतिक धर्मसभांनी आपल्याच प्रतिनिधींना तोंडघशी पाडून त्या भूमिकेपासून हात झटकले. बहुतेकांनी माघार घेतली, नॉडे यांनी घेतली नाही.

१९६३ साली त्यांनी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट सुरू केली. चर्चने पर्याय ठेवला : ही संस्था किंवा व्यासपीठ. सप्टेंबरच्या एका रविवारी त्यांनी आपल्या मंडळीपुढे प्रेषितांच्या कृत्यांमधला तो प्रसंग घेतला, ज्यात धर्मसभेपुढे उभा केलेला पेत्र सांगतो की माणसांच्या आधी देवाची आज्ञा पाळावी लागेल. मग अंगावरचा झगा उतरवून ते निघून गेले. त्याच वर्षी ब्रूडरबाँडही सोडली. पुढे १९७७ मध्ये सरकारने संस्थेवर बंदी घातली आणि त्यांच्यावरही. सात वर्षे त्यांना एका वेळी एकाहून जास्त माणसांना भेटता येत नव्हते, त्यांचे शब्द छापणे गुन्हा होता.

पेत्राचा तो प्रसंग जगभर हजारो वेळा वाचला गेला असेल. बहुतेक वेळा वाचणाऱ्यांच्या मनात सरकार परके असते आणि आपण छळलेले असतो. नॉडे यांनी तो वाचला तेव्हा सरकार आपले होते, पेत्राला दटावणारी धर्मसभाही आपलीच होती. शांततेसाठी धर्मग्रंथाचा उपयोग म्हणतात तो हा.

४. बेलहारचे लोक

आता दुसऱ्या बाजूचे. केपटाउनजवळचे बेलहार हे वर्णभेदाच्या कायद्याने मिश्रवर्णीय लोकांसाठी नेमून दिलेले उपनगर. १८८१ साली ज्यांना वेगळे काढले त्यांच्याच मिशन चर्चची धर्मसभा १९८२ मध्ये तिथे भरली. त्याच वर्षी कॅनडात ओटावा इथे जगातल्या रिफॉर्म्ड चर्चच्या संघटनेने वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन म्हणजे पाखंड असे जाहीर केले होते आणि गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चचे सभासदत्व स्थगित केले होते. संघटनेच्या अध्यक्षपदी निवडले गेले मिशन चर्चचे अ‍ॅलन बूसाक. म्हणजे बेलहारच्या लोकांच्या हातात आता जगाचा निकाल होता. गोऱ्यांवर तोंडसुख घ्यायला याहून चांगली वेळ कोणती?

त्यांनी श्रद्धापत्र लिहिले. एकता, समेट आणि न्याय, असे त्याचे तीन मुख्य भाग आहेत. देव हा विशेषेकरून निराधारांचा, गरिबांचा, अन्याय सोसणाऱ्यांचा देव आहे आणि चर्चने त्याच्या बाजूला उभे राहावे, हे त्यात ठामपणे येते. त्यात कुठेही मवाळपणा नाही. पण सोबत जोडलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले, की हे अमुक माणसांविरुद्ध किंवा अमुक चर्चविरुद्ध नाही, खोट्या शिकवणीविरुद्ध आहे. आणि या बाबतीत आमचेही हात पूर्ण स्वच्छ नाहीत. पुरता अन्याय सोसलेल्यांनी हे लिहावे! १९८६ साली त्यांनी ते अधिकृतपणे स्वीकारले.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याने स्वतःकडे बोट दाखवावे, अशी अपेक्षा बाहेरच्याने ठेवणे निर्लज्जपणाचे आहे. ते त्यांनी आपणहून केले, म्हणून त्याला किंमत.

५. शांतता म्हणजे गप्प बसणे नव्हे

एप्रिल १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा मोरिया इथे झायन ख्रिश्चन चर्चच्या ईस्टर मेळाव्याला गेले. लाखो काळे भाविक समोर. तिथे त्यांनी पौलाच्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा हवाला दिला : अधिकारी देवाने नेमलेले असतात, त्यांच्या अधीन राहावे. काळ्यांच्या वस्त्यांत, टाउनशिपमध्ये, त्या वर्षी लष्कर उतरले होते.

पाच महिन्यांनी सोवेटोतल्या धर्मगुरूंच्या आणि अभ्यासकांच्या गटाने ‘कैरोस डॉक्युमेंट’ प्रसिद्ध केले. राज्यकर्त्यांचे धर्मशास्त्र हा त्यांचा पहिला मारा होता. तेरावा अध्याय काढणाऱ्यांनी प्रकटीकरणाचाही तेरावा अध्याय वाचावा, तिथे सत्ता समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात आहे, अशी आठवण त्यांनी दिली. पण खरा घाव त्यांनी दुसरीकडे घातला, इंग्रजी भाषक उदारमतवादी चर्चवर. ही चर्चे वर्णभेदाचा निषेध करत आणि त्याच दमात दोन्ही बाजूंना समेटाचा, अहिंसेचा उपदेश करत. दगड मारणारे पोर आणि गोळी घालणारा शिपाई एका तराजूत. अन्याय तसाच ठेवून समेट मागणे हे ख्रिस्ती नाहीच, असे या दस्तऐवजाचे म्हणणे होते.

मला हा मुद्दा या सगळ्या इतिहासातला सर्वांत अवघड वाटतो. शांतताप्रिय सज्जनांना तो बोचतो, कारण भांडण मिटले की आपल्याला हायसे वाटते. ते कसे मिटले याची चौकशी आपण करत नाही. गावातल्या तंटामुक्तीच्या बैठकीत कमजोर बाजूला “जाऊ द्या ना आता” म्हणणारे आपणच असतो. डोंगरावरील प्रवचनात शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे हे सगळ्यांना पाठ असते. त्याच यादीत न्यायासाठी छळ सोसणारेही धन्य आहेत, हे सोयीने राहून जाते.

६. गांधींचा धडा, आणि त्याची मर्यादा

डोंगरावरचे हेच प्रवचन दक्षिण आफ्रिकेतच एका हिंदू बॅरिस्टरने आयुष्यात आणून पाहिले. ते त्यांनी लंडनला विद्यार्थिदशेत वाचले होते, आफ्रिकेत टॉलस्टॉयच्या पुस्तकाने ते मनात मुरले. टॉलस्टॉय यांना रशियन चर्चने १९०१ मध्ये बहिष्कृत केले. म्हणजे येशूचे प्रवचन मनावर घेणाऱ्यांत एक बहिष्कृत आणि एक बिगरख्रिस्ती! ग्रंथावर कुणा एका संस्थेची मालकी नाही, ती यामुळेच.

१० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये मीर आलम नावाच्या पठाणाने आणि त्याच्या साथीदारांनी गांधींना रस्त्यात बेदम मारले. शुद्धीवर येताच गांधींनी सांगितले, त्यांच्यावर खटला नको. जोसेफ डोक या बाप्टिस्ट पाळकाने त्यांना आपल्या घरी नेऊन शुश्रूषा केली. गांधींचे पहिले चरित्रही पुढच्याच वर्षी याच डोक यांनी लिहिले. पण सरकारने मात्र मीर आलमवर खटला चालवला आणि त्याला शिक्षा झाली. मारलेल्याने क्षमा केली म्हणून राज्याचे काम संपत नाही.

मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या काळातल्या गांधींच्या लिखाणात आफ्रिकी लोकांविषयी हिणवणारे उल्लेख आहेत, आणि त्यांचा लढा मुख्यतः हिंदी लोकांपुरता होता. स्वतःविरुद्ध वाचणाऱ्यालाही स्वतःतले सगळे एकदम दिसत नाही.

७. आयोगात प्रार्थना हवी होती का?

वर्णभेद संपला आणि १९९५ च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू, उपाध्यक्ष अ‍ॅलेक्स बोरेन हेही पूर्वीचे मेथडिस्ट धर्मगुरू. एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन इथे पहिली सुनावणी झाली, टुटूंचा जांभळा झगा, मेणबत्ती, प्रार्थना आणि स्तोत्रे यांच्यासह. सरकारी आयोग आहे की उपासना, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. जोहान्सबर्गच्या सुनावणीत प्रार्थनेऐवजी मौन पाळावे, अशी सूचना आयोगाच्याच एका सभासदाने केली. टुटूंनी मौन पाळले, मग आपल्याला असे सुरू करता येत नाही म्हणाले आणि प्रार्थना केली.

आपल्या देशात सरकारी आयोगाच्या अध्यक्षाने असे केले तर मी विरोध करेन. मुसलमान, हिंदू, ज्यू, काहीच न मानणारे, सगळे त्या दालनात साक्ष द्यायला येणार होते. टुटूंबद्दल कितीही आदर असला तरी हा आक्षेप खोडून निघत नाही.

तरीही त्या आयोगाच्या कामाचा पाया धार्मिक नव्हता, हे त्याच्या कायद्यावरून कळते. माफीसाठी अट कोणती होती? पश्चात्ताप नव्हे. क्षमायाचनाही नव्हे. कृत्य राजकीय हेतूने केले असले पाहिजे आणि त्याची संपूर्ण हकिगत उघड केली पाहिजे, एवढेच. ७,११२ अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. टुटू व्यासपीठावरून क्षमेविषयी बोलत होते आणि कायदा फक्त माहिती मागत होता. पीडितांवर क्षमा करण्याचे बंधन कुठल्याच कलमात नव्हते. पोलीस कोठडीत मारले गेलेले कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने तर माफीची तरतूदच घटनाविरोधी आहे, म्हणून न्यायालयात धाव घेतली. घटना न्यायालयाने १९९६ साली तरतूद वैध ठरवली. निकाल लिहिला इस्माइल महोमेद या हिंदी वंशाच्या न्यायमूर्तींनी, आणि त्या कुटुंबाच्या वेदनेची बाजू त्यांनी निकालात दडवली नाही.

सुनावणीच्या पहिल्याच आठवड्यात नोमोंडे कलाटा साक्षीला बसल्या. त्यांचे पती फोर्ट कलाटा आणि त्यांचे तीन साथी जून १९८५ मध्ये सुरक्षा पोलिसांनी मारले होते. ते ‘क्रॅडॉक फोर’ म्हणून ओळखले जातात. बोलता बोलता त्यांनी जो हंबरडा फोडला, तो ऐकलेल्यांपैकी अनेकांनी लिहून ठेवले आहे की आयोगाचे काम खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाले. शास्त्रवचनाने ते सुरू झाले नव्हते. स्तोत्रसंहितेतली पुष्कळ स्तोत्रे असा हंबरडाच आहेत, ही गोष्ट वेगळी. चर्चमध्ये ती फार हळू आवाजात वाचली जातात.

क्षमा व्यक्तीची आणि न्याय राज्याचा, हा भेद भारतातही एका बाईने दाखवून दिला आहे. ओडिशातल्या मनोहरपूर इथे जानेवारी १९९९ मध्ये मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि कायद्याने आपले काम करावे, असेही सांगितले. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली तरच त्यांचा अर्थ लागतो. पहिलेच तेवढे उचलणारे बरेच भेटतात.

८. जक्कय राहून गेला

लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, ठेंगणा म्हणून येशूला पाहायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो. जक्कय उभा राहतो आणि आपले अर्धे धन गरिबांना देतो. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करीन म्हणतो. तारण घरात आले हे येशूचे उद्गार त्याच्या नंतर येतात, आधी नाही. हिशेब आधी.

दक्षिण आफ्रिकेत नेमका हा हिशेब राहिला. सुमारे २१,००० पीडितांच्या जबान्या घेतल्यावर आयोगाने शिफारस केली, की प्रत्येकाला वर्षाला साधारण १७,००० ते २३,००० रँड, सहा वर्षे द्यावेत. सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड जाहीर केले. भरपाईच्या निधीतला मोठा भाग, शंभर कोटी रँडहून जास्त, वापराविना पडून राहिला. ज्यांना माफी मिळाली नाही किंवा ज्यांनी मागितलीच नाही, अशांची सुमारे ३०० प्रकरणे खटल्यांसाठी सोपवली होती. त्यातली फारच थोडी न्यायालयात पोहोचली. क्रॅडॉकच्या हत्यांतल्या पोलिसांना १९९९ साली माफी नाकारली गेली आणि तरीही खटला झाला नाही. अखेर कुटुंबांनी सरकारला न्यायालयात खेचले, आणि हे खटले कुणी दाबले याची चौकशी करायला राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांना २०२५ मध्ये आयोग नेमावा लागला. जमिनीचे तर विचारायलाच नको. १९१३ च्या कायद्याने आफ्रिकी लोकांना सुमारे ७ टक्के भूमीत कोंडले होते. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तिगत मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे आढळली. राजांच्या पहिल्या पुस्तकात अहाब राजा नाबोथाचा द्राक्षमळा बळकावतो. त्या गोष्टीवरची प्रवचने तिथल्या गोऱ्या मंडळ्यांत फारशी होत नसावीत.

नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्ग इथल्या चर्चपरिषदेत स्टेलनबॉशचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योंकर यांनी स्वतःच्या आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या वतीने वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली. टुटूंनी तिथेच उठून ती स्वीकारली. आमच्या वतीने स्वीकारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असे काही काळ्या प्रतिनिधींनी त्यांना विचारले. मला तो प्रश्न रास्त वाटतो. कबुली मोलाची होती, पण तिच्यामागे चौपट परत करणारा कुणी उभा राहिला नाही.

९. आपल्या अंगणात

हे सगळे दूरदेशीचे म्हणून ठेवून देता येणार नाही. १८५७ चा तो ठराव आपल्याकडे शब्दांत मांडायची गरज पडली नाही, एवढाच फरक. गोव्यातल्या काही गावांत चर्चच्या कोन्फ्रारियांवर (धार्मिक बंधुसंघांवर) आणि फेस्तांच्या (सणांच्या) मानावर विशिष्ट जातींनी हक्क सांगितला आणि त्यावरून वाद पेटले. नगर जिल्ह्यात मिशनच्या मंडळ्यांत महार आणि मांग ख्रिस्ती यांच्यात रेघा राहिल्याच. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त शिवाशिवीचे आपले संस्कार टप्प्याटप्प्याने कसे सुटत गेले ते मोकळेपणाने लिहिले, तसे लिहिणारे पुढे फार थोडे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात दलित ख्रिस्ती नाहीत, हा राज्याने केलेला अन्याय आहे असे चर्चचे नेते म्हणतात. त्यांचे म्हणणे योग्य आहे. पण जात आमच्यात नाही असे रविवारी आणि जात आमच्यातही आहे असे सोमवारी, ही दोन्ही विधाने एकाच तोंडून येऊ नयेत.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव इथे घेतो. ‘सुबोध बायबल’ त्यांनी सोप्या मराठीत आणले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्याआधी हाच माणूस हरित वसईच्या चळवळीत जमीनमाफियांविरुद्ध रस्त्यावर उतरला होता. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाला धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून त्यांना विरोध झाला. विरोध करणाऱ्यांतल्या किती जणांनी त्यांचे मराठी वाचले होते, देव जाणे.

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना माझी विनंती एवढीच. बेलहारचे श्रद्धापत्र थोड्याच पानांचे आहे. त्याचा मराठीत आणि कोकणीत चांगला अनुवाद करून घ्या, तो प्रभुभोजनाच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचा, आणि मग आपल्या कोन्फ्रारियांचे, कमिट्यांचे, दफनभूमींचे आणि लग्नसंबंधांचे नियम त्याच्या शेजारी ठेवून पाहा. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनी आपल्या ग्रंथांतली अशीच अडचणीची पाने आपल्या सभांत वाचायला घ्यावीत. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चने बेलहारचे श्रद्धापत्र अजूनही आपले अधिकृत श्रद्धापत्र म्हणून स्वीकारलेले नाही.